पाच रात्री, एक लिस्ट

वर्ष संपत आलं की ऑफिसात तीन गोष्टी हमखास सुरू होतात. 'सेल्फ अप्रेझल भरा' म्हणून एचआरचे मेल, उरलेल्या सुट्ट्यांची वजाबाकी आणि याद्या. बेस्ट सिनेमे, बेस्ट वेब सिरीज, बेस्ट बिर्याणी. लंच टेबलावर प्रत्येकाची एक लिस्ट असते आणि प्रत्येकाला दुसऱ्याची लिस्ट फालतू वाटते. आमचीही एक लिस्ट आहे मंडळी. गाण्याची. पण हेडफोनवर ऐकलेल्या गाण्याची नाही, समोर उभं राहून (बऱ्याचदा चेंगरून) ऐकलेल्या गाण्याची.

त्या बाबतीत २०२५ हे साल म्हणजे एकदम सॉलिड निघालं. जानेवारीत कोल्डप्ले आणि एड शीरन, मार्चमध्ये ग्रीन डे, मे महिन्यात गन्स अँड रोझेस. मायकल जॅक्सन १९९६ मध्ये मुंबईत येऊन गेला, त्याच्या गोष्टी आमच्या आधीची पिढी अजूनही पुरवून पुरवून सांगते. आमच्या पिढीला दर दोन महिन्यांनी नवी गोष्ट मिळतेय. प्रश्न एवढाच, की पगार महिन्यातून एकदाच होतो.

तर लिस्ट बनवण्याचा माझा फंडा सिंपल आहे. एक, मी स्वतः तिथे हजर पाहिजे. इन्स्टावर पाहिलेलं चालणार नाही. दोन, तिकीट किती महाग होतं याला मार्क नाहीत. आणि तीन, महिन्यानंतर भांडी घासताना किंवा हिंजवडीच्या सिग्नलला अडकल्यावर ती रात्र आपोआप आठवली पाहिजे. तिसऱ्या नियमात भलेभले गळतात. उरले ते हे पाच.

नंबर ५ : ग्रीन डे, महालक्ष्मी रेसकोर्स, ९ मार्च

लोलापालूझा इंडियाचं हे तिसरं वर्ष. दोन दिवस, अनेक स्टेजेस आणि पायाचे तुकडे. फेस्टिव्हलला जायचं म्हणजे लग्नाच्या बुफेला जाण्यासारखं असतं. सगळं चाखायचं ठरवलंत तर काहीच धड खाऊन होत नाही. म्हणून मी एकच गोष्ट ठरवून गेले होते. ग्रीन डे. भारतातला त्यांचा हा पहिलाच शो.

माझ्या मावसभावाने 'अमेरिकन इडियट'ची सीडी घरी आणली तेव्हा मी पाचवीत होते. अल्बम २००४ चा. शब्द एक कळत नव्हता, पण आवाज वाढवला की मावशी आतून ओरडायची, एवढ्यावरच आम्हाला ते बंड वाटायचं. एकवीस वर्षांनी तोच बिली जो आर्मस्ट्राँग समोर उभा होता आणि माझ्या आजूबाजूला सगळे तिशी-पस्तिशीतले, पाठीला सॅक लावलेले, उद्याच्या स्टँडअप मीटिंगचं टेन्शन घेऊन आलेले बंडखोर.

त्यात मजा अशी, की त्याच संध्याकाळी दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल. भारत-न्यूझीलंड, टार्गेट २५२. मैदानात हजारो लोकांचा एक डोळा स्टेजवर आणि एक फोनवर. माझ्या शेजारचा मुलगा प्रत्येक गाण्यानंतर अनोळखी लोकांना स्कोअर सांगत होता, जणू त्याला त्याचाच पगार मिळतोय. भारत ४ विकेट राखून जिंकला. त्या रात्री महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावर जो आवाज होता, त्यात पंक किती आणि क्रिकेट किती हे सांगणं अवघड होतं.

नंबर पाचच का? कारण खरं सांगायचं तर मी गाणी ऐकली कमी आणि गायले जास्त. घसा दोन दिवस बसला होता. कॉल सेंटरमध्ये असते तर नोकरी गेली असती.

नंबर ४ : कोल्डप्ले, डी. वाय. पाटील स्टेडियम, १८ जानेवारी

आता ह्याला चौथा नंबर दिला म्हणून शिव्या घालायच्या आधी ऐका. या शोची अर्धी स्टोरी २०२४ मध्येच घडून गेली होती. २२ सप्टेंबर, रविवार, दुपारी १२. तिकीटविक्री सुरू आणि एक कोटीहून जास्त लोक एकाच वेळी लॉगिन. माझा रांगेतला नंबर चार लाखांच्या पुढे होता. तासाभराने मी वरणभात लावला, जेवले, झोप काढली, उठले, तरी रांग तिथेच. काळ्या बाजारात एकेक तिकीट लाखांत गेल्याच्या बातम्या आल्या, पोलिसांपर्यंत प्रकरण गेलं.

मग नोव्हेंबरमध्ये बँडने 'इन्फिनिटी तिकिटं' काढली. २,००० रुपयांना एक, पण जोडीनेच घ्यायची आणि कुठे बसायचं हे तिकीट हातात पडेपर्यंत कळणार नाही. अगदी अरेंज मॅरेज! आमच्या टीममधल्या एका शहाण्या मुलीला ती लागली. तिने माझी निवड केली, नवऱ्याची नाही. त्याबद्दल त्या घरात अजून शांतता नाही असं कळतं.

नेरूळला उतरून चालत गेलो. आत शिरताना प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा बांधतात. टीव्हीच्या रिमोटसारखेच इन्फ्रारेड किरण सोडून तो दुरून पेटवतात, त्यामुळे हजारो हात एकाच क्षणी लाल, मग निळे, मग पिवळे होतात. हा पट्टा वनस्पतीजन्य प्लास्टिकचा, शो संपल्यावर परत द्यायचा, म्हणजे पुढच्या गावाला वापरता येतो. एका बाजूला काही लोक सायकली मारत होते, काही उड्या मारायच्या फरशीवर नाचत होते. त्यातून थोडी वीज तयार होते. जिमचे पैसे वसूल करायची ही आयडिया मला भारी आवडली.

ख्रिस मार्टिनने शाहरुखचं नाव घेतलं, बुमराहचं नाव घेतलं आणि स्टेडियम कोसळायचं बाकी राहिलं. हे सगळं ठीक. पण मला आठवतं ते वेगळंच. 'अ स्काय फुल ऑफ स्टार्स'च्या आधी तो फोन खिशात ठेवायला सांगतो. ही त्या टूरची पद्धतच. आपल्याकडे कोण ऐकणार असं मला वाटलं होतं. ऐकलं! पुढची तीन-चार मिनिटं आमच्या पूर्ण ब्लॉकमध्ये एकही स्क्रीन दिसत नव्हती. शेजारच्या काकूंनी दोन्ही हात वर केले होते आणि त्यांना काय करावं कळत नव्हतं, कारण गेल्या दहा वर्षांत त्यांचे दोन्ही हात एकदम मोकळे कधी नव्हतेच.

तीन-चार मिनिटं. बाकी दोन तास आम्ही सगळे कॅमेरामन. म्हणून चौथा नंबर.

(एक फुकटचा सल्ला. ऑफिसच्या लोकांबरोबर कोल्डप्लेला जात असाल तर जपून. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत बोस्टनजवळच्या शोमध्ये एक सीईओ आणि त्यांच्या एचआर हेड मोठ्या स्क्रीनवर मिठीत दिसले आणि आठवड्याभरात खुर्च्या रिकाम्या झाल्या. कॅमेरा फिरत असतो बॉस!)

नंबर ३ : एड शीरन, यश लॉन्स, बिबवेवाडी, ३० जानेवारी

पुणेकरांनो, कॉलर टाइट करा. एड शीरनच्या २०२५ च्या भारत दौऱ्याचा पहिला शो मुंबईत नाही, दिल्लीत नाही, आपल्याकडे झाला. त्यात गुरुवार. म्हणजे हिंजवडीहून बिबवेवाडी गाठायचं, तेही ऑफिस सुटायच्या वेळेला. त्या दिवशी आमच्या फ्लोअरवर अचानक अकरा जणांना 'डेंटिस्टची अपॉइंटमेंट' होती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे दात शाबूत आणि आवाज गेलेले.

या माणसाची खासियत माहितीये ना? बहुतेक वेळ स्टेजवर तो एकटा असतो. हातात गिटार, पायाशी लूप पेडल. आधी गिटारच्या लाकडावर थाप मारतो, पायाने बटण दाबतो. ती थाप फिरत राहते. तिच्यावर एक कॉर्ड, पुन्हा बटण. त्यावर दुसरा सूर, त्यावर स्वतःचाच कोरस. दीड मिनिटात एका माणसाचे सहा माणसं होतात. पंगतीत एकटाच वाढपी असावा आणि तरी प्रत्येकाच्या पानात भात, वरण, तूप, मीठ, लिंबू सगळं वेळेवर पडावं, तसं.

यात रिस्क अशी, की पहिली थाप चुकली तर ती चूक गाणं संपेपर्यंत फिरत राहणार. लपवायला जागा नाही. आपल्याकडे मेल पाठवल्यावर 'रिकॉल' करता येतो, त्याला नाही. आणि गाणं संपलं की सगळं पुसून टाकायचं, पुढचं गाणं पुन्हा शून्यापासून. मला ते बघताना वाटलं, आपण रोज सकाळी लॅपटॉप उघडतो तेव्हा असंच असायला हवं होतं.

पुढे ५ फेब्रुवारीला चेन्नईत ए. आर. रहमान त्याच्याबरोबर स्टेजवर आला. बेंगळुरूत चर्च स्ट्रीटच्या फुटपाथवर तो गायला उभा राहिला तर पोलिसांनी माइकची वायरच काढली. त्या दोन्ही क्लिप्स जगभर फिरल्या. पुण्याची तशी क्लिप नाही. पुण्याने फक्त गाणी ऐकली. मला विचाराल तर हे आपल्याला शोभूनच दिसतं.

वाइल्ड कार्ड : चाळीस माणसं आणि एक बँड

लिस्टच्या बाहेरची ही एक रात्र. पावसाळ्यातला मंगळवार, कोरेगाव पार्कमधला छोटासा पब, पुण्याचीच चार मुलं. बेस वाजवणारा दिवसा बँकेत कर्ज मंजूर करतो, ड्रमर आर्किटेक्ट. प्रेक्षक मोजून चाळीस, त्यातले दहा त्यांचे नातेवाईक. मराठी-इंग्रजी मिसळून स्वतःची गाणी. दोन गाणी ठीक, एक फसलेलं आणि एक असं, की पब बंद झाल्यावरही आम्ही रिक्षा स्टँडपर्यंत तेच गुणगुणत होतो.

हे का सांगतेय? कारण मोठ्या शोंना लाखांची रांग लागते आणि या मुलांना जागा मिळत नाही. मुंबईत धोबी तलावचं रंगभवन हे एकेकाळी रॉकवाल्यांचं पंढरपूर होतं, इंडिपेंडन्स रॉक तिथे व्हायचं. आजूबाजूला हॉस्पिटलं आणि कॉलेज, त्यामुळे तो भाग शांतता क्षेत्र ठरला आणि मैफिली बंद पडल्या. लोअर परळचं ब्लू फ्रॉग २००७ मध्ये सुरू झालं, २०१६ मध्ये बंद झालं. आज स्टेडियममध्ये गाणारा प्रत्येक जण कधीतरी चाळीस माणसांसमोर गायलेला असतो. ही चाळीसवाली जागाच उरली नाही तर पुढची मोठी नावं कुठून आणणार? आपण दोन मोठ्या कॉन्सर्टच्या मध्ये एक ३०० रुपयांची छोटी संध्याकाळ बसवू शकतो. एका कॉफीचे पैसे झाले हो ते.

नंबर २ : गन्स अँड रोझेस, महालक्ष्मी रेसकोर्स, १७ मे

मे महिना, मुंबई, घामाची अंघोळ. त्यात सीमेवर तणाव, आठवडाभर आयपीएल थांबलेलं, आणि ते पुन्हा सुरू होणार नेमकं त्याच शनिवारी. शो होतो की नाही ही धाकधूक शेवटपर्यंत होती. झाला.

हा बँड आपल्याकडे २०१२ मध्ये येऊन गेला होता, पण तेव्हा त्यात स्लॅश नव्हता. स्लॅशशिवाय गन्स अँड रोझेस म्हणजे पुरणाशिवाय पुरणपोळी. तो आणि बेसिस्ट डफ मॅकेगन २०१६ मध्ये बँडमध्ये परत आले, म्हणजे भारताने त्यांना एकत्र पाहायला आणखी नऊ वर्षं वाट पाहिली. आमच्या पुढच्या रांगेत पन्नाशीचे एक गृहस्थ होते, डोक्यावर उंच काळी टोपी, बरोबर कॉलेजातली मुलगी. ती बिचारी 'बाबा, पाणी प्या' म्हणून मागे लागलेली आणि बाबा १९८७ मध्ये पोचलेले.

ॲक्सल रोझ तेव्हा ६३ वर्षांचा. आवाज पूर्वीचा राहिलेला नाही, हे कोणीही सांगेल. वरच्या पट्टीत तो ताणून, कधी बारीक करून जागा घेतो. पण 'नोव्हेंबर रेन'ला तो पियानोवर बसला, स्लॅशचा तो सोलो सुरू झाला आणि माझ्या लक्षात आलं, आपण आवाज ऐकायला आलेलोच नाही. तो आवाज टिकवायला माणूस किती झगडतो हे बघायला आलोय.

आता थोडं बोअर करते, पण महत्त्वाचं आहे. त्या रात्री माझ्या कानात इअरप्लग होते. मैत्रिणी हसल्या. 'कॉन्सर्टला येऊन कान बंद?' तर त्याचं गणित असं : ८५ डेसिबलचा आवाज आपला कान दिवसाला साधारण आठ तास सोसू शकतो. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. आणि रॉक शोमध्ये स्पीकरजवळ १०० सहज ओलांडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली ती याचसाठी. शो संपल्यावर कानात 'ईईई' वाजतं ना, ती मजा नाही, ती कानाची तक्रार आहे. आतल्या कानात बारीक केसांसारख्या पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. डोक्यावरचे केस तरी ट्रान्सप्लांट होतात.

केमिस्टकडे मिळणारे फोमचे प्लग स्वस्त, पण त्यात वरचे सूर जास्त कापले जातात आणि गाणं गोधडीतून ऐकल्यासारखं वाटतं. म्युझिशियन लोक वापरतात ते प्लग सगळे सूर साधारण सारखेच कमी करतात. गाणं तेच, फक्त हळू. थोडे महाग पडतात, पण वर्षानुवर्षं टिकतात.

एवढी माहिती मला कुठून? त्याचं उत्तर पुढच्या नंबरात आहे.

नंबर १ : सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव, मुकुंदनगर, १४ डिसेंबर

माझे बाबा भोसरीत एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये ३२ वर्षं होते. पत्रा घालायचा, प्रेस खाली, धाडकन आवाज, पार्ट बाहेर. दिवसभर. तिथली माणसं एकमेकांशी खुणांनी बोलायची. घरी आल्यावरही बाबा पाणी मागताना अंगठा ओठाकडे न्यायचे, ते आम्हाला लहानपणी फार विनोदी वाटायचं.

रिटायर झाले आणि दोन वर्षांत टीव्हीचा आवाज १५ वरून ४० वर गेला. मग 'काय?' 'परत बोल' सुरू झालं. मग ते विचारायचंही बंद झालं, नुसती मान हलवायला लागले. ऑडिओग्राम काढला तर रेघ डावीकडे ठीक आणि उजवीकडे जिन्यासारखी खाली. म्हणजे खालचे सूर येतात, वरचे जातात. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. कानाचं मशीन घेतलं.

आता हे लक्षात घ्या, की हा माणूस तरुणपणी सेकंड शिफ्ट करून, डबा तसाच हातात घेऊन, सायकलवर रमणबागेत जायचा. सवाई तेव्हा रात्रभर चालायचं. गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये भीमसेन जोशींनी सुरू केलेला हा महोत्सव. शेवटच्या पहाटे स्वतः भीमसेन गायला बसायचे. बाबा म्हणतात, थंडीने बोटं वाकायची नाहीत, पण उठून जायची छाती नव्हती. पुढे रात्री लाऊडस्पीकर बंदचे नियम आले, महोत्सव रात्रीचा संध्याकाळवर आला, रमणबागेतून मुकुंदनगरला गेला. बाबा जात राहिले. मशीन लागल्यावर मात्र जाणं बंद. तीन वर्षं गेले नाहीत. विचारलं तर एकच उत्तर, "ऐकू येत नाही त्याला तिकीट कशाला? ती जागा दुसऱ्याला मिळू दे."

खरी गंमत अशी होती, की आवाज येत होता, पण मशीन तो बिघडवत होतं. ही मशीन्स बनवलेली असतात बोलणं ऐकण्यासाठी. एखादा सूर लांबला की मशीनला वाटतं ही आपलीच शिट्टी वाजतेय, आणि ते तो दाबायला जातं. आता तानपुरा म्हणजे काय? लांबलेला सूरच की! बाबांना तो पाण्यात बुडवल्यासारखा थरथरत ऐकू यायचा. वर्षानुवर्षं ज्या तानपुऱ्याच्या आधाराने गाणं ऐकलं तोच बेसूर लागला, तर माणूस घरी बसणार नाही तर काय?

नोव्हेंबरमध्ये मी त्यांना घेऊन पुन्हा ऑडिओलॉजिस्टकडे गेले. म्हटलं, यांना गाणं ऐकायचंय. त्या बाईंनी विचारलं, "कुठलं?" बाबा म्हणाले, "किराणा." बाई हसल्या आणि लॅपटॉपला जोडून वीस मिनिटांत मशीनमध्ये एक वेगळा म्युझिक प्रोग्रॅम बसवून दिला. शिट्टी दाबणं बंद, मागचा गोंगाट कापणं बंद, सूर जसा येईल तसा आत. मशीनवरचं बटण दाबलं की तो सुरू. तीन वर्षं ही सोय त्या मशीनमध्येच होती. कोणी विचारलं नव्हतं आणि कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्या घरी मशीन वापरणारं कोणी असेल तर एवढं जरूर विचारा.

पाच दिवसांचा भारतीय बैठकीचा पास कोल्डप्लेच्या साध्या तिकिटाहून स्वस्त पडतो, हे हिशेबासाठी सांगून ठेवते. मी आणि बाबा शेवटच्या दिवशी, रविवारी गेलो. सतरंजी, शाल, थर्मास, बिस्किटाचा पुडा. आमच्या एका बाजूला चार पिढ्यांचं एक कुटुंब, दुसऱ्या बाजूला दोन कॉलेजची पोरं वहीत काहीतरी लिहून घेतायत. मागे वडापावची रांग. कोणी काय गायलं, कोणाला किती टाळ्या पडल्या, ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल. मी त्या दिवशी स्टेजकडे फार कमी पाहिलं.

पहिला तानपुरा सुरू झाला तेव्हा बाबांनी बटण दाबलं आणि डोळे मिटले. मी श्वास धरून बसले. अर्ध्या मिनिटाने त्यांनी डोळे उघडले आणि हाताने खूण केली. अंगठा आणि तर्जनी जवळ आणून. थोडासा. थोडासा येतोय.

थोडासा म्हणजे थोडासाच. चमत्कार वगैरे काही झाला नाही. वरच्या सप्तकातल्या जागा त्यांना येत नव्हत्या, द्रुत लयीत शब्द हरवत होते. पण एक गोष्ट मला माहीत नव्हती. बाबा गायकाचा हात बघत होते. हात वर गेला की सूर कुठे गेला हे त्यांना कळत होतं. तबलजीची बोटं बघत ते मांडीवर ताल धरत होते, आणि समेवर त्यांचा हात बरोबर पडत होता. दर वेळी. वहीवाल्या पोरांमधल्या एकाने ते पाहिलं आणि दुसऱ्याला कोपराने ढोसलं. मग ती दोघं बाबांच्या हाताकडे बघून सम शोधायला लागली. माझ्या बाबांकडे बघून!

ज्यांनी सवाई पाहिलंय त्यांना शेवट माहीत आहे. शेवटचा कलाकार उठतो आणि मग सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. माणूस १९५२ मध्ये गेला, आवाज खरखरीत, पण हजारो लोक जागच्या जागी थांबतात. एरवी आपण लिफ्टसाठी थांबत नाही.

माझ्या नियमाप्रमाणे रेकॉर्ड केलेलं गाणं या लिस्टमध्ये बसत नाही. पण नियम माझे आहेत, आणि मी सांगते की ते बसतं. कारण बाबांनी तेव्हा कानातलं मशीन काढलं आणि खिशात ठेवलं. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. एकेक जागा, एकेक श्वास, अगदी बरोबर त्या रेकॉर्डबरोबर. चाळीसेक वर्षं ऐकलेलं गाणं ऐकायला त्यांना कान लागत नव्हते. आजूबाजूला कोणी फोन काढला नव्हता, आणि तसं कोणी सांगितलंही नव्हतं.

तर ही माझी लिस्ट. पहिल्या चार रात्रींचे व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहेत, पाचवीचा नाही. तुमची लिस्ट वेगळी असेल, असायलाच हवी. एवढंच सांगेन, की पुढचं तिकीट काढताना 'किती जण?' हा प्रश्न आला की दोन सेकंद थांबा. आपल्या घरात कोणीतरी असतं, ज्याने 'माझं काय, तुम्ही जा' म्हणून जाणं बंद केलेलं असतं. त्याचा एक आकडा वाढवून बघा.

आणि हो, इअरप्लग विसरू नका.

पार्किंगमध्ये गाडी काढताना बाबांनी मशीन पुन्हा कानात घातलं आणि विचारलं, "पुढच्या वर्षीचे पास कधी निघतात गं?" मी उत्तर दिलं. त्यांना ते ऐकू गेलं नाही. मी परत सांगितलं, मोठ्याने. दोन गाड्या पलीकडच्या आजींनी मला हात करून 'थँक्यू' म्हटलं.